आधी गाळ काढा, मग नाचा

इबिझा हे भूमध्य समुद्रातलं स्पेनचं बेट. आकार सुमारे पावणेसहाशे चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईहून जरासं लहानच. पाऊस बेताचा. नदी म्हणावी अशी एकच, सांता एउलारियाची, आणि तीही आता बहुतेक काळ कोरडी असते. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याचा सगळा भार शतकानुशतकं विहिरींवर राहिला. मोठ्या विहिरीचा वर्षातला एक सण ठरलेला असे. सणाआधी आसपासच्या घरांतली माणसं जमत, विहिरीची साफसफाई करत, तिच्याकडे येणारी वाट मोकळी करत, वरचं बांधकाम चुन्यानं पांढरं करत. हे काम उरकलं की विहिरीसमोरच्या अंगणात नाच होई. आजही उन्हाळ्यात बेटावरच्या अनेक विहिरींवर आणि झऱ्यांवर हे नाच होतात. गावोगावच्या लोकनृत्य मंडळांनी ते टिकवून धरले आहेत.

त्या नाचाचं नाव बाल पाजेस, म्हणजे शेतकऱ्यांचा नाच. वाद्यं मोजकीच. एकच वादक एका हातानं बासरी वाजवतो आणि त्याच हाताला अडकवलेल्या लहान ढोलावर दुसऱ्या हातानं टिपरी मारतो. सोबत तलवारीच्या पात्यासारखी एक लोखंडी पट्टी ठणकत असते. नाचणाऱ्या पुरुषाच्या दोन्ही हातांत कास्तान्योलेस असतात, आपल्या चिपळ्यांच्या कुळातल्या पण पंजाएवढ्या, जुनिपरच्या लाकडाच्या. पुरुष उंच उड्या घेतो, पाय हवेत फेकतो आणि बाईकडे कधी पाठ करत नाही. बाई अगदी लहान पावलं टाकत, नजर खाली ठेवून, वर्तुळं आणि आठाचे आकडे काढत फिरते. तिच्या छातीवर सोन्याच्या साखळ्यांचा भरगच्च साज असतो. या नाचात पुरुषानं उसळायचं आणि बाईनं नजर झुकवायची, ही वाटणी मला मान्य नाही. जुनं आहे म्हणून ते सगळंच वंद्य आहे, असं मी म्हणणार नाही. पण त्या नाचात एक गोष्ट अशी आहे, जी आजच्या नाचानं हरवली आहे आणि जी परत मिळवायला हवी. जिथलं पाणी प्यायचं तिथला गाळ आधी काढायचा, आणि मग त्या जागी नाचायचं. श्रम आणि आनंद यांची तिथे फारकत झालेली नव्हती. नाचणारे पायही तेच, आणि चिखलात उतरलेले पायही तेच.

आज त्याच बेटावर जगभरातून माणसं नाचायला येतात. रात्रभर चालणाऱ्या मोठमोठ्या क्लबांसाठी इबिझा प्रसिद्ध आहे, ते सर्वांना ठाऊक आहे. मला बोलायचं आहे ते त्याहून सौम्य आणि सुसंस्कृत दिसणाऱ्या प्रकाराबद्दल, नृत्यशिबिरांबद्दल. पाच-सात दिवसांचा मुक्काम असतो. पाइनच्या झाडीतलं जुनं शेतघर नाहीतर समुद्रावरचं लहानसं हॉटेल घेतलेलं असतं. सकाळी योगासनं, मग दोन तास अनवाणी मुक्त नाच, दुपारी शाकाहारी जेवण, संध्याकाळी किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या साक्षीनं पुन्हा नाच, रात्री गोल बसून मन मोकळं करणं. दारू नसते. पावलं शिकवलेली नसतात, आरसे नसतात. कुणी कुणाला पाहत नाही. अमेरिकेतल्या गॅब्रिएल रॉथ यांनी घडवलेली ‘पाच लयी’ची पद्धत अशा शिबिरांत फार चालते. प्रवाही, तुटक, बेभान, हलकी आणि निश्चल अशा क्रमानं अंग वाहू द्यायचं. यातला एक झरा आपल्याकडूनही गेलेला आहे. रजनीशांच्या पुण्यातल्या आश्रमात १९७४ पासून जमलेल्या युरोपीय साधकांनी ‘नटराज ध्यान’ आपापल्या देशांत नेलं. चाळीस मिनिटं नाच, वीस मिनिटं निश्चल पडून राहणं आणि शेवटची पाच मिनिटं आनंदानं डोलणं, असा त्याचा क्रम. कोरेगाव पार्कात सुरू झालेली ही गोष्ट आज युरोपातल्या कितीतरी शिबिरांत वेगवेगळ्या नावांनी चालू आहे.

अशा शिबिराला जाणाऱ्या माणसाची चेष्टा करणं सोपं आहे. आपल्याकडे ती होतेही. पैसे जास्त झाले, वय झालं तरी थेर सुटेनात, असं बोललं जातं. हे बोलणं मला अत्यंत चुकीचं वाटतं. नाचाची गरज ही भुकेइतकीच खरी गरज आहे. दहा तास खुर्चीला खिळलेलं, पडद्याला डोळे लावून बसलेलं शरीर जेव्हा कुणाच्याही नजरेची भीती न बाळगता हलतं, तेव्हा त्यातून काहीतरी गाठ सुटते, हे नाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. संशोधनही त्याच बाजूला झुकतं. २०२४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नैराश्य आणि व्यायाम यांवरच्या २१८ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्य कमी करण्यात नाचाचा परिणाम मोठा दिसला. नाचावरच्या चाचण्यांची संख्या थोडी असल्यानं निष्कर्ष जपून घ्यावा, असंही अभ्यासकांनी नोंदवलं आहे. पण दिशा स्पष्ट आहे.

मध्यमवर्गीय मराठी घरात बाई केव्हा नाचते? शाळेच्या स्नेहसंमेलनात. मंगळागौरीला, दार लावून, बायकाबायकांत. लग्नाच्या वरातीत, आजकाल. त्यानंतर तिचं शरीर काम करतं, आजारी पडतं, पण नाचत नाही. पुरुष मिरवणुकीत नाचतो, पण बहुतेकदा ढोलताशांच्या कल्लोळात आणि अनेकदा दारूच्या आधारानं. शुद्धीवर असताना, उजेडात, स्वतःच्या शरीराचा संकोच न बाळगता नाचणं आपल्या सभ्यपणात बसत नाही. नाचण्याचं काम आपण ज्यांच्यावर सोपवलं त्यांना आपण प्रतिष्ठा नाकारली आणि स्वतःला नाच नाकारला. हे पाप शेकडो वर्षांचं आहे. म्हणून एखादी पंचेचाळिशीतली बाई पैसे साठवून परक्या बेटावर आठ दिवस मोकळेपणानं नाचायला गेली, तर मी तिच्या बाजूचा आहे. तिला जे घरी मिळायला हवं होतं ते ती बाहेर शोधते आहे, यात लाज तिची नाही.

पण शिबिराच्या जाहिरातीत जे दिसत नाही, तेही तिनं पाहावं, एवढी माझी विनंती आहे.

सर्वांत आधी पायाखालची वाळू. इबिझाच्या किनाऱ्यांवरची पांढरी, मऊ वाळू आणि तिथलं निळसर काचेसारखं पाणी हे त्या समुद्रात वाढणाऱ्या पोसिडोनिया नावाच्या वनस्पतीचं देणं आहे. लोक तिला शेवाळ समजतात. ती शेवाळ नाही. ती मुळं, पानं आणि फुलं असलेली वनस्पती आहे. तिच्या पानांवर राहणाऱ्या सूक्ष्म जिवांच्या कवचांचा चुरा होऊन वाळूत भर पडते. पानं पाण्यातला गाळ अडवतात, म्हणून पाणी नितळ राहतं. शरदात गळून पडलेली पानं किनाऱ्यावर तपकिरी थरांनी साचतात आणि हिवाळ्यातल्या लाटांपासून वाळूला वाचवतात. इबिझा आणि शेजारचं फोर्मेंतेरा यांच्या मधल्या समुद्रात २००६ साली एकाच रोपापासून पसरलेलं सुमारे आठ किलोमीटर लांबीचं पोसिडोनियाचं कुरण आढळलं. ते एक लाख वर्षं जुनं असू शकतं, असा संशोधकांचा अंदाज आहे. ही वनस्पती वर्षाला काही सेंटिमीटरच पसरते. तिच्यावर एका नौकेचा नांगर पडला आणि ओढला गेला की क्षणात जो पट्टा उखडतो, तो भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. युनेस्कोनं १९९९ साली इबिझाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यामागे जुन्या तटबंदीच्या शहराइतकंच या कुरणांचं महत्त्व होतं.

आता किनाऱ्यावरच्या एका सुंदर संध्याकाळचा विचार करा. पर्यटकाला तपकिरी पानांचा थर घाण वाटतो, म्हणून अनेक ठिकाणी तो यंत्रांनी उचलला जातो. सूर्यास्ताची सहल म्हणून नौका आणली की तिचा नांगर कुठेतरी पडतो. नाचणाऱ्याच्या मनात समुद्राबद्दल अपार कृतज्ञता असते, तो वाळूवर कपाळ टेकतो, हात जोडतो. त्या कृतज्ञतेवर माझा अविश्वास नाही. ती खरी असते. पण समुद्राच्या तळाशी काय वाढतं हे जाणून न घेता केलेली कृतज्ञता समुद्रापर्यंत पोहोचत नाही. इबिझा ज्यांत मोडतं त्या बालेआरिक बेटांच्या प्रादेशिक सरकारनं २०१८ साली वेगळा हुकूम काढून पोसिडोनियावर नांगर टाकण्यास बंदी केली. नियम झाला, पण तो पाळला जातो की नाही हे पाहणारं माणूस प्रत्येक नौकेवर नसतं. ते माणूस नाचायला आलेल्यांपैकी कुणी का होऊ नये?

मग पाणी. ज्या विहिरींवर सण व्हायचे, त्यांपैकी अनेकींचं पाणी आता खारं झालं आहे किंवा खोल गेलं आहे. उपसा वाढला की किनाऱ्याजवळच्या भूजलात समुद्र शिरतो, हे आपल्या कोकणातल्या माणसालाही सांगावं लागत नाही. इबिझात आता समुद्राचं पाणी गोडं करणारे तीन प्रकल्प आहेत आणि बेटाची तहान मोठ्या प्रमाणावर त्यांच्यावर भागते. असं एक हजार लिटर पाणी तयार करायला साधारण तीन ते चार युनिट वीज लागते, आणि मागे उरणारं अतिखारट पाणी पुन्हा समुद्रात, त्याच पोसिडोनियाच्या आसपास सोडावं लागतं. बेटाची कायमची वस्ती दीड लाखाच्या थोडी वर. वर्षाकाठी इबिझा आणि फोर्मेंतेराला येणारे पाहुणे तीस लाखांहून अधिक, आणि त्यांतले बहुतेक पावसाचा थेंब नसलेल्या उन्हाळ्यात येतात. शिबिरातला एक तरणतलाव, रोज बदललेले टॉवेल, दिवसातून तीनदा अंघोळ, यांचा हिशेब त्या विहिरींशी जोडून पाहिला पाहिजे.

आणि मग माणसं. हा भाग मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो.

उन्हाळ्यात इबिझात भाड्याची खोली मिळणं सामान्य कामगाराला अशक्य झालं आहे. घरं पर्यटकांना दिवसाच्या दरानं देण्यात जास्त पैसा आहे, म्हणून ती कामगाराला महिन्याच्या भाड्यानं मिळत नाहीत. बाल्कनीतली गादी भाड्यानं दिली जाते. मायोर्का बेटावरून रोज विमानानं ये-जा करून इबिझातल्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांच्या बातम्या स्पॅनिश वर्तमानपत्रांत आल्या आहेत. सांता एउलारियाजवळच्या कान रोवा नावाच्या जागेवर कामगारांची एक वसाहतच उभी राहिली होती. तंबू, गाडीची घरं, पत्र्याच्या खोपी, मुलंबाळं. दक्षिण अमेरिकेतून आणि उत्तर आफ्रिकेतून आलेली, हॉटेलांत, बांधकामांवर, स्वयंपाकघरांत राबणारी ही माणसं. ३१ जुलै २०२४ रोजी, ऐन हंगामात, पोलिसांनी ती वसाहत रिकामी केली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बालेआरिक बेटांवर हजारो स्थानिक लोक रस्त्यावर उतरले. पर्यटक नकोत, असं त्यांतल्या बहुतेकांचं म्हणणं नव्हतं. आमच्याच गावात आम्हाला राहता येऊ द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

२०२५ साली स्पेनमधलं किमान वेतन महिन्याला १,१८४ युरो होतं, वर्षाला चौदा हप्ते. एका चांगल्या नृत्यशिबिराचं आठवड्याचं शुल्क सहज त्याच्या घरात जातं. म्हणजे जी बाई किमान वेतनावर शिबिरातल्या खोल्या झाडते, चादरी बदलते, तिचा महिना आणि नाचणाऱ्याचा आठवडा यांची किंमत एक. तिचंही शरीरच आहे. तेही थकतं, आखडतं, त्यालाही मोकळं व्हायचं असतं. दिवसाला वीस-वीस पलंग आवरणाऱ्या या बायकांच्या पाठी आणि खांदे कायमचे दुखावतात. स्पेनमधल्या हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या स्त्रियांनी ‘लास केलीस’ नावाची संघटना बांधली आणि आपल्या शरीराचा प्रश्न रस्त्यावर आणला. त्यांच्या लढ्याचं एक फळ फार बोलकं आहे. २०२२ साली बालेआरिक बेटांच्या विधिमंडळानं पर्यटन कायदा बदलला आणि हॉटेलांना वर-खाली करता येणारे पलंग घालणं बंधनकारक केलं. चादर बदलणाऱ्या बाईला वाकावं लागू नये म्हणून.

या पलंगाबद्दल मी जेव्हा वाचलं तेव्हा मला वाटलं, शरीराबद्दलचा आदर म्हणतात तो हा. शिबिरात शरीराच्या पावित्र्याबद्दल जितकं बोललं जातं, त्या सगळ्याहून त्या एका यांत्रिक पलंगात शरीराबद्दलची समज जास्त आहे. माझं मुक्त झालेलं शरीर आणि माझी चादर बदलताना मोडलेली दुसरीची पाठ, यांना एकत्र पाहता आलं नाही तर ती मुक्ती अर्धवट आहे.

यावर उत्तर ठरलेलं असतं. पर्यटक आले नाहीत तर हे बेट खाणार काय? प्रश्न खोटा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इबिझा गरीब होतं. पोट भरायला तरुणांना समुद्रापार जावं लागे. १९३०च्या दशकात वॉल्टर बेंजामिनसारखे जर्मन लेखक तिथे आले, ते तिथे स्वस्तात राहता येई म्हणून. साठच्या दशकात हिप्पी आले. फ्रँकोच्या हुकूमशाहीतल्या स्पेनमध्ये हा एक कोपरा त्यांना मोकळा वाटला. १९७३ साली पाचा क्लब उघडला आणि पर्यटनाच्या पैशाचा ओघ वाढत गेला. त्या पैशानं बेटावर रुग्णालयं आली, शाळा आल्या, मुलं शिकली. हे नाकारण्याचं कारण नाही. पण पर्यटनानं गरिबी घालवली म्हणून पर्यटनाला कोणताच प्रश्न विचारायचा नाही, हे कसलं तर्कशास्त्र? गिरण्यांनी मुंबईला पोसलं, म्हणून नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीसाठी लढायला नको होतं का? ज्या उद्योगावर पोट आहे त्यालाच सुधारायचं असतं. ज्याच्यावर पोट नाही त्याला सुधारून काय उपयोग?

बेटानं स्वतः काही पावलं उचललीही आहेत. २०१६ पासून तिथे पाहुण्यांकडून रात्रीमागे कर घेतला जातो. ऐन हंगामात, महागड्या हॉटेलांत, तो रात्रीला चार युरोपर्यंत आहे. हा पैसा निसर्ग आणि वारसा जपण्यासारख्या कामांसाठी राखलेला आहे. २०२५च्या उन्हाळ्यापासून बेटावर बाहेरून येणाऱ्या मोटारींच्या संख्येवर मर्यादा घातली गेली. ही पावलं लहान आहेत, पण ती कायद्यानं टाकलेली आहेत, कुणाच्या सद्भावनेवर सोडलेली नाहीत. म्हणूनच मला ती महत्त्वाची वाटतात.

शिबिर चालवणाऱ्यांबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. त्यांच्यात प्रामाणिक कलावंत आहेत, वर्षानुवर्षं शिकलेले शिक्षक आहेत. पण ‘नाचानं आघात बरे होतात’, ‘अडलेली ऊर्जा मोकळी होते’, अशी आश्वासनं देऊन दुखावलेल्या माणसांना गोळा करणारेही आहेत. नाच मनाला आधार देतो, हे एक. नाचाच्या नावाखाली एखाद्या व्यक्तीला शरण जाणं, हे अगदी दुसरं. बुवाबाजीशी दोन हात करणारी चळवळ महाराष्ट्रानं पाहिली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे. आपल्या माणसांनी तरी परदेशातल्या गोऱ्या गुरूपुढे विवेक गहाण ठेवू नये. उपचार हवा असेल तर डॉक्टरकडे जावं आणि नाचायचं असेल तर नाचावं.

नाचणारा पाहुणा आणि गाव यांना जोडता येतं का, असा प्रश्न पडला की ग्रीसचं इकारिया बेट आठवतं. तिथेही समुद्र आहे, किनारे आहेत, आणि उन्हाळ्यात गावोगाव नाच आहेत. त्यांना पानिगिरी म्हणतात. गावाच्या संतदिनी गावचं मंडळ बोकडाचं मटण शिजवतं, वाइन आणतं, लांब टेबलं मांडतं, व्हायोलिन वाजू लागतं, आणि पहाटेपर्यंत माणसं एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून गोल धरतात. आत यायला तिकीट नाही. म्हातारे, पोरं, पाहुणे, सगळे एकाच साखळीत. खाण्यापिण्यातून जो नफा उरतो तो गावाकडे जातो. त्यातून रस्ता दुरुस्त होतो, शाळेला काही मिळतं, एखादं सार्वजनिक काम उभं राहतं. १५ ऑगस्टला लांगादा गावात होणारी पानिगिरी यांतली सर्वांत मोठी. अलीकडे तिथेही बाहेरच्या गर्दीचा ताण पडू लागला आहे आणि गावकऱ्यांना त्याची चिंता आहे. पण रचना पाहा. पाहुणा तिथे नाचतो तेव्हा त्याच्या ताटातल्या मटणाच्या किमतीतून गावचा रस्ता होतो. नाचणारा आणि गाव यांच्यात भिंत नाही, आणि हिशेब उघडा आहे.

हे शिबिरांना अशक्य आहे का? मला तसं वाटत नाही. जुलै-ऑगस्टऐवजी एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरच्या अखेरीला भरवावं. तेव्हा बेट दमलेलं नसतं आणि कामगाराला हंगामाबाहेरही रोजगार मिळतो. जागा घेताना मालकाला विचारावं, तुमच्या स्वयंपाक्याला आणि सफाई करणाऱ्या बाईला राहायला काय दिलं आहे? उत्तर देता येत नसेल तर तिथे शिबिर घेऊ नये. दिवसातला एक प्रहर नाचाऐवजी किनाऱ्यावरचं प्लास्टिक वेचण्यासाठी ठेवावा, पण पोसिडोनियाच्या पानांना हात लावू नये. बाल पाजेस नाचणाऱ्या एखाद्या मंडळाला मानधन देऊन बोलवावं आणि त्यांचा नाच केवळ पाहू नये, शिकावा. एका दिवशी शिबिराची दारं गावातल्या आणि हॉटेलांतल्या कामगारांना फुकट उघडावीत. बाकीचे सहा दिवस ज्यांनी तुमचा स्वयंपाक केला, त्यांनाही कदाचित नाचायचं असेल. कुणी त्यांना कधी विचारलं आहे का?

यातलं काहीही माणसाचा आनंद कमी करणारं नाही. उलट ज्या एकाकीपणावर उपाय म्हणून लोक अशा शिबिरांना जातात, तो एकाकीपणा भिंतीआड आपल्यासारख्याच पंचवीस सुखवस्तू माणसांत नाचून पुरता जात नाही. तो ओळखीपाळखीनं जातो, एकत्र केलेल्या कामानं जातो.

आणि हा प्रश्न समुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण इबिझा आणि गोवा यांचं नातं जुनं आहे. साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पींची एक वारीच असे, उन्हाळा इबिझात आणि हिवाळा हणजुण्यात. दोन्हीकडे त्यांचे बाजार भरले, दोन्हीकडे किनाऱ्यावर रात्रभर नाच झाले. आज हरमल, मांद्रे, पाटणे इथे हिवाळ्यात तशीच नृत्यशिबिरं आणि मुक्त नाचाचे मेळावे होतात, आणि त्यांत मुंबई-पुण्याची मराठी माणसंही आता मोठ्या संख्येनं असतात.

गोव्यात पोसिडोनिया नाही, पण ऑलिव्ह रिडले कासव आहे. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर त्याची संरक्षित घरटी आहेत आणि मांद्र्याच्या बाजूलाही ती होतात. माद्या अंडी घालायला येतात तो काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, म्हणजे नेमका शिबिरांचा हंगाम. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू रात्री समुद्रावरच्या उजेडाच्या दिशेनं चालतं. किनाऱ्यावर झगमगते दिवे असले की ते उलट्या दिशेला जातं आणि मरतं. चंद्राच्या साक्षीनं नाचायचं म्हणून किनाऱ्यावर जमलेल्यांनी आधी दिव्यांची तार काढावी. चंद्र असताना तिची गरजही नसते.

गोव्याचं स्वतःचं नाचणंही अजून जिवंत आहे. पौषात गावच्या मांडावर बायका रात्री धालो खेळतात. समोरासमोर दोन रांगा, कमरेत गुंफलेले हात, वाकत पुढे जाणं आणि मागे येणं. त्या बायकांतल्या अनेकजणी दिवसा त्याच किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, घरांत कामाला असतात. शिबिराला आलेल्या बाईनं तिच्याकडून धालोचं पाऊल शिकायचं असेल, तर तिच्या सोयीनं तिच्या अंगणात जावं, तिनं बोलावलं तर. तिला शिबिराच्या मंचावर रंगीत कपड्यांत उभं करू नये.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला दरवर्षी लोक येतात. ते गावकऱ्यांच्या घरात राहतात, तिथेच जेवतात, आणि पैसा गावातच राहतो. कासवाची अंडी पूर्वी ज्या गावात खाल्ली जात, त्याच गावातले लोक आज ती राखतात. कोकण किनाऱ्यावर आता योगाची आणि नाचाची शिबिरं भरू लागली आहेत, जमिनी विकत घेतल्या जात आहेत, कुंपणं पडत आहेत. वेळासची रीत शिबिर चालवणाऱ्यांना आजच घालून द्यायला हवी, पहिलं कुंपण पक्कं होण्याआधी. ग्रामसभेनं ठराव करावा की किनाऱ्याची वाट बंद होणार नाही, पाण्याचा उपसा मोजला जाईल, कामाला गावातली माणसं असतील आणि त्यांच्या राहण्याची जबाबदारी मालकाची असेल. आणि शिबिरासाठी पैसे भरणाऱ्या पुण्या-मुंबईच्या माणसानं पैसे भरण्याआधी तो ठराव मागून वाचावा.